अ‍ॅक्टिव्हा ५जी की ६जी? सेकंड हँड घेताना फरक नेमका कशात बघायचा

सेकंड हँड अ‍ॅक्टिव्हा शोधायला लागलात की दोन पर्याय हमखास समोर येतात. २०१८-१९ची ५जी, आणि २०२०नंतरची ६जी. दिसायला दोन्ही जवळपास सारख्याच, मग ६जीसाठी जास्त पैसे का मोजायचे?

मुख्य फरक इंजिनात आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियम लागू झाले. ते पाळण्यासाठी ६जीमध्ये कार्बुरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. किती पेट्रोल सोडायचं हे आता सेन्सरच्या मदतीने ठरतं, त्यामुळे थंडीत सकाळी चोक ओढत बसावं लागत नाही. ताकद मात्र वाढलेली नाही, उलट कागदावर किंचित कमीच झाली आहे. म्हणजे 'नवी आहे म्हणून जास्त पळते' असं विकणारा म्हणाला, तर ऐकून सोडून द्या.

कार्बुरेटरची बाजूही ऐकायला हवी. तो कचरा अडकून बंद पडला तर गल्लीतला मेकॅनिकही साफ करून देतो. फ्युएल इंजेक्शनमध्ये बिघाड शोधायला अनेकदा स्कॅनर लागतो, आणि बॅटरी पार उतरली असेल तर नुसत्या किकवर भरवसा ठेवता येत नाही. तालुक्याच्या गावापासून लांब राहत असाल तर हा मुद्दा छोटा नाही.

रस्त्यावर मात्र ६जी सरळ पुढे आहे. पुढचं चाक १० इंचांऐवजी १२ इंचांचं आणि सस्पेन्शन टेलिस्कोपिक. खड्ड्यांत हा फरक हातांना जाणवतो. पेट्रोलचं झाकणही बाहेर आलं, त्यामुळे भर पावसात सीट उचलायला नको. गंमत म्हणजे ५जीला एलईडी हेडलाइट होता, ६जीच्या साध्या मॉडेलला हॅलोजन. दोन्ही गाड्या रात्री चालवून बघा.

ई-२० पेट्रोलची भीती दोन्हींना सारखीच. एप्रिल २०२३ आधी बनलेली ६जीसुद्धा या पेट्रोलसाठी खास बनवलेली नाही. त्यामुळे केवळ या कारणाने ६जी घेत असाल, तर बनावटीचा महिना आधी पाहा.

नोंदणी १५ वर्षांची असते. २०१८ची गाडी २०३३पर्यंत, २०२१ची २०३६पर्यंत. किमतीतला फरक या तीन वर्षांवर वाटून बघा. माझ्या मते रोज २०-२५ किलोमीटर फिरणाऱ्याला तो परवडतो. भाजी आणि शाळा एवढंच काम असेल, तर नीट सांभाळलेली ५जी घ्यावी.

१ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला एचएसआरपी नंबरप्लेट बसवली आहे का, विमा चालू आहे का, ई-चलान थकलंय का, हे एमपरिवहन अ‍ॅपवर आणि कागदांवर तपासा. आरसीवर बँकेचा बोजा दिसत असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या त्याच दिवशी करून घ्या.