विहिरीवरची मोटर जळली? नवी घेण्याआधी एवढं बघा

संकेश्वर : उसाला पाण्याची पाळी आलेली असते आणि नेमकी तेव्हाच मोटर जळते. हिरण्यकेशीच्या काठावर, मग तो संकेश्वरकडचा असो वा गडहिंग्लजकडचा, हा अनुभव नवा नाही. घाईत दुकान गाठायचं, ‘जुनी पाचची होती, आता साडेसातची द्या, जोरात चालेल’ म्हणायचं आणि पैसे मोजायचे, असं बऱ्याचदा होतं. अशी घेतलेली मोटर पुढच्या हंगामात पुन्हा जळाली, तर दोष फक्त मोटरचा नसतो.

आधी कारण शोधा

मोटर का जळली हे कळल्याशिवाय नवी जोडू नये. सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे एक फेज जाणं. तीन फेजची मोटर दोन फेजवर चालत राहिली की उरलेल्या वायंडिंगवर करंट वाढतो आणि ती तापून जळते. तीन फेज लाईट नसताना कॅपॅसिटर लावून मोटर ओढण्यानेही हेच होतं. दाब कमी असला तरी त्रास होतो. व्होल्टेज १० टक्के घसरलं तर मोटरची फिरवण्याची ताकद जवळजवळ १९ टक्के कमी होते. याशिवाय बेअरिंग जाम होणं, इंपेलर अडकणं, फुटव्हॉल्व गळून पंप कोरडा चालणं, वायंडिंगमध्ये पाणी शिरणं ही कारणं आहेत. मूळ बिघाड तसाच ठेवला तर नवी मोटरही त्याच वाटेनं जाते.

पाटीवरचं काय उतरून घ्यायचं

जुन्या मोटरच्या पाटीचा मोबाईलवर फोटो काढा. एचपी किंवा किलोवॅट (१ एचपी म्हणजे ०.७४६ किलोवॅट), फेज, व्होल्ट, अँपिअर, आरपीएम आणि फ्रेम नंबर एवढं तरी त्यात दिसलं पाहिजे.

आरपीएमकडे सहसा कोणी बघत नाही, पण खरी फसगत तिथेच होते. आपल्याकडच्या ५० सायकलच्या विजेवर दोन पोलची मोटर साधारण २,८८० आणि चार पोलची साधारण १,४४० फेरे घेते. वेग दुप्पट झाला की पंपाला लागणारी ताकद आठपट होते. म्हणून १,४४० च्या पंपाला २,८८० ची मोटर जोडली तर ती ओव्हरलोड होऊन जळते. उलट केलं तर पाणी चढवण्याची उंची चौथाईवर येते आणि पाणी वर येतच नाही.

कपलिंगच्या पंपाला फ्रेम नंबर जुळला पाहिजे. ११२ फ्रेम म्हणजे पायापासून शाफ्टच्या मध्यापर्यंत ११२ मिलिमीटर. तिचा शाफ्ट २८ मिलिमीटरचा असतो, १३२ फ्रेमचा ३८ चा. फ्रेम बदलली की कपलिंग आणि बैठक दोन्ही बदलावी लागतात. मोनोब्लॉकमध्ये मोटर आणि पंप एकाच शाफ्टवर असतात. तिथे नुसती मोटर बदलता येत नाही. रिवायंडिंग करायचं किंवा अख्खा सेट घ्यायचा.

एचपी किती?

विहिरीतल्या पाण्यापासून पाणी सोडायच्या जागेपर्यंतची उंची मोजा आणि त्यात पाइपमधल्या घर्षणाचे मीटर मिळवा. हिशेब असा : सेकंदाचे लिटर गुणिले मीटर, भागिले ७५, भागिले पंपाची कार्यक्षमता. समजा सेकंदाला ८ लिटर पाणी हवं, एकूण उंची २४ मीटर आणि कार्यक्षमता ६० टक्के. ८ × २४ = १९२. त्याला ७५ ने भागलं की २.५६, आणि ०.६० ने भागलं की ४.२७ एचपी. म्हणजे ५ एचपी पुरेशी झाली. तोच पंप, तोच वेग ठेवून साडेसातची बसवली तर पाणी वाढत नाही, फक्त पैसे जास्त जातात.

सीमेच्या दोन बाजू, दोन मर्यादा

एचपी वाढवण्याआधी वीज जोडणीचा विचार करा. कर्नाटकात १० एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज मिळते. महाराष्ट्रात एप्रिल २०२४ पासूनच्या मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत ही मर्यादा ७.५ एचपी आहे. त्यामुळे गडहिंग्लजकडच्या शेतकऱ्यानं साडेसातवरून दहावर जाताना दोनदा विचार करावा. मंजूर भारापेक्षा मोठी मोटर लावायची तर आधी वीज कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. संकेश्वरसह हुक्केरी तालुक्यात हे काम हुक्केरी ग्रामीण वीज सहकारी संघाकडे आहे, तर सीमेपलीकडे महावितरणकडे.

रिवायंडिंग की नवी?

मोटर एकदाच जळली असेल, शाफ्ट आणि बॉडी शाबूत असेल तर चांगल्या कारागिराकडून रिवायंडिंग परवडतं. मूळच्याच गेजची तार आणि तेवढेच फेरे आहेत याची खात्री करून घ्या. दोन-तीनदा भरलेली मोटर मात्र सोडून द्यावी. नवी घेताना पाटीवर आयई ३ हा कार्यक्षमतेचा वर्ग बघा. उघड्यावरच्या मोटरला आयपी ५५ संरक्षण असावं.

बसवताना

स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले नव्या पाटीवरच्या अँपिअरप्रमाणे लावा. ४१५ व्होल्टवर ५ एचपीला साधारण ७ ते साडेसात अँपिअर लागतात. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले सहसा त्याच्या ५८ टक्क्यांवर ठेवतात. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर जरूर बसवा. त्याचा खर्च एका रिवायंडिंगच्या मानानं किरकोळ असतो. फिरण्याची दिशा बाणाप्रमाणे आहे ना ते बघा. उलटी फिरत असेल तर कोणत्याही दोन फेजच्या तारा अदलाबदल केल्या की काम होतं. हे सगळं मेन स्विच बंद करून, वायरमनकडूनच करून घ्यावं.

शेवटचं म्हणजे अर्थिंग. मोटर जळली तर पाण्याची एक पाळी चुकते. ओल्या बांधावर, अर्थिंग तुटलेल्या मोटरला हात लागला तर माणूस जातो. नवी मोटर सुरू करण्याआधी अर्थिंगची तार जागेवर आहे का, हे स्वतः बघून घ्या.