बरणीतल्या विजेची परीक्षा

१७४६च्या जानेवारीत लायडनचे प्राध्यापक पीटर व्हान मुशेनब्रूक यांनी पॅरिसला रेओम्यूर यांना पत्र लिहिले. पाण्याच्या काचपात्रात वीज साठवताना बसलेला धक्का फ्रान्सचे राज्य मिळाले तरी पुन्हा घेणार नाही, असे त्यांनी कळवले. पॉमेरेनियात क्लाइस्ट यांना हाच अनुभव काही महिने आधी आला होता. कपॅसिटरची चाचणी अशी सुरू झाली. मापनयंत्र होते माणसाचे शरीर. त्याच वर्षी आबे नोले यांनी पंधराव्या लुईसमोर १८० रक्षकांची साखळी करून त्यांच्यातून वीज सोडली. सारे एकदम उसळले.

त्या बरणीत जेमतेम एखादा जूल ऊर्जा मावे. धक्का जबर बसे, कारण ती ऊर्जा क्षणार्धात बाहेर पडे. आजचे स्पंदशक्तीचे तंत्र याच तत्त्वावर चालते: सावकाश साठवायचे, झटक्यात सोडायचे. कॅलिफोर्नियातील लिव्हरमोरच्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत १९२ लेसर किरणांसाठी सुमारे ४०० मेगाजूल साठवतात. घरच्या मीटरवर हे जेमतेम १११ युनिट. पण ते सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात मोकळे होतात. कपॅसिटर फुटला, तर हीच ऊर्जा स्फोट घडवते.

त्यावरचा उपाय जुना आहे. १९०० साली इंग्लंडमध्ये मॅन्सब्रिज यांनी कागदावर धातूचा अतिपातळ थर देण्याचे पेटंट घेतले. कागदाला छिद्र पडले, की भोवतालचा धातू जळून जातो आणि दोष तिथेच मिटतो. आता कागदाच्या जागी प्लॅस्टिकची फिल्म आली आहे.

यामुळे परीक्षेचा प्रश्नच बदलला. पूर्वी ‘कधी फुटेल?’ असे विचारत. आता ‘किती झिजला?’ असे विचारतात. प्रत्येक जखमेगणिक धारकता किंचित घटते. कपॅसिटर हजारो वेळा भरून रिकामा करतात. सामान्यतः धारकता ५ टक्के घटली, की आयुष्य संपले असे धरतात. निकाल लवकर हवा असेल तर व्होल्टेज वाढवतात. आयुष्य व्होल्टेजच्या सातव्या घाताने घटते असे धरले, तर १० टक्के वाढीने ते जवळजवळ निम्मे होते.

शरीर मात्र या परीक्षेतून पूर्ण सुटलेले नाही. रिकाम्या केलेल्या कपॅसिटरमध्येही थोडी वीज हळूहळू परत येते. म्हणून हात लावण्यापूर्वी त्याची दोन्ही टोके तारेने जोडून ठेवतात.