वर्धा ठराव

(१४ सप्टेंबर १९३९ व १४ जुलै १९४२). दुसऱ्या महायुद्धासंबंधी काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्यात संमत केलेले दोन ठराव. स्वतंत्र भारताच्या परराष्ट्रधोरणाच्या पूर्वपीठिकेत त्यांना महत्त्व आहे. चरित्रग्रंथांत मात्र दुसराच अधिक गाजला.

पूर्वपीठिका : वसाहत असूनही हिंदुस्थान राष्ट्रसंघाचा संस्थापक सदस्य होता, परराष्ट्रव्यवहार मात्र ब्रिटिश सरकारच्या हाती. या सरकारचे परराष्ट्रधोरण हिंदी लोकांचे नव्हे, अशी भूमिका काँग्रेसने १९२१ मध्ये घेतली. १९३६ मध्ये राममनोहर लोहियांकडे पक्षाचा परराष्ट्र विभाग आला. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस व नागपूरचे डॉ. चोळकर होते.

पहिला ठराव : ऑगस्ट १९३९ च्या वर्धा बैठकीतच इजिप्त व सिंगापूरला हिंदी फौज पाठवण्याचा निषेध झाला होता. ३ सप्टेंबरला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी कोणालाही न विचारता देश युद्धात असल्याचे जाहीर केले. कार्यकारिणी पुन्हा वर्ध्यात जमली. सुभाषचंद्र बोस निमंत्रणावरून आले, निमंत्रण असूनही जीना आले नाहीत, नेहरू चीनहून परतून थेट पोहोचले. ठरावाचा मसुदा नेहरूंचाच. नाझी आक्रमणाचा त्यात निःसंदिग्ध धिक्कार आहे, पण सहकार्य मात्र सशर्त : लोकशाहीसाठी लढायचे तर साम्राज्याचे काय करणार, हे ब्रिटनने आधी सांगावे. बिनशर्त नैतिक पाठिंबा द्यावा, असे म्हणणारे गांधीजी एकटे पडले. १७ ऑक्टोबरच्या व्हाइसरॉयच्या निवेदनाने निराशा झाली आणि मध्य प्रांत-वऱ्हाडच्या रविशंकर शुक्लांसह आठ प्रांतांतील काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले.

दुसरा ठराव : १९४२ चा हा ठराव ‘छोडो भारत’ आंदोलनाचा आधार ठरला. स्वतंत्र हिंदुस्थानात, जपानला रोखण्यासाठी व चीनच्या मदतीसाठी, दोस्तांच्या फौजा राहू देण्याची तयारी यात नमूद आहे. सामान्य उल्लेखांत हे कलम बहुधा गळते.

स्थळ : वर्ध्यात पाहुण्यांचा मुक्काम बहुधा जमनालाल बजाज यांच्या बजाजवाडीत असे.

पुढील वाटचाल : सप्टेंबर १९४६ च्या हंगामी सरकारात परराष्ट्र खाते नेहरूंकडे आले, ७ सप्टेंबरच्या नभोवाणी भाषणात त्यांनी सत्तागटांपासून अलिप्त राहण्याचे धोरण मांडले. त्याचा उगम या ठरावांत कितपत शोधावा, याविषयी मतभेद आहेत.