अटल सेतूची कंत्राटपद्धती

मुंबई बेटावरील शिवडी आणि रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील चिर्ले यांना जोडणाऱ्या सागरी सेतूचे काम कोणाकडून व कोणत्या अटींवर करून घ्यावे, यासंबंधीच्या निर्णयांचा इतिहास. सेतूची लांबी २१.८ किमी. असून तीपैकी सु. १६.५ किमी. समुद्रावर आहे. खर्च प्रचंड आणि भावी वाहतुकीचा अंदाज अनिश्चित असल्यामुळे प्रश्न केवळ कमी दराचा नव्हता. तोट्याची जोखीम कोणी पत्करावयाची, हा त्याचा गाभा होता.

प्रारंभी ‘बांधा, वापरा व हस्तांतरित करा’ ही पद्धती स्वीकारण्यात आली. तीत उद्योजक भांडवल उभारतो, ठरावीक मुदतीपर्यंत पथकर घेऊन ते वसूल करतो व नंतर बांधकाम शासनाच्या स्वाधीन करतो. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाच्या २००८ मधील निविदांत एका गटाने पथकरासाठी ९ वर्षे ११ महिन्यांची, तर दुसऱ्याने ७५ वर्षांची मुदत मागितली. एकाच सेतूविषयीच्या अंदाजांतील ही तफावत बोलकी होती. ही प्रक्रिया रद्द झाली.

पुढे काम मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आले. सु. ९,६३० कोटी रु. खर्चाच्या या योजनेत केंद्र व राज्य शासनांनी आर्थिक तूट भरून काढण्यासाठी साहाय्य देऊ केले आणि ३५ वर्षांची मुदत ठेवली. पाच गट पात्र ठरले. तथापि ऑगस्ट २०१३ मध्ये मुदत संपेपर्यंत एकानेही निविदा भरली नाही.

त्यानंतर जपान आंतरराष्ट्रीय सहकार संस्थेच्या कर्जातून प्राधिकरणानेच सेतू उभारण्याचे ठरले. अभिकल्प व बांधकाम यांची जबाबदारी कंत्राटदारांवर, तर वाहतुकीची जोखीम प्राधिकरणावर आली. स्थापत्यकामाचे तीन भाग पाडून नोव्हेंबर २०१७ मध्ये कंत्राटे देण्यात आली : १०.३८ किमी.चा पहिला भाग लार्सन अँड टुब्रो व जपानची आयएचआय यांना, ७.८०७ किमी.चा दुसरा देवू व टाटा प्रोजेक्ट्स यांना आणि ३.६१३ किमी.चा तिसरा पुन्हा लार्सन अँड टुब्रो यांना. समुद्रातील लांब गाळ्यांसाठी पोलादी तक्तपोशी वापरण्यात आली. काही गाळे १८० मी.पर्यंतचे आहेत. १२ जानेवारी २०२४ रोजी सेतूचे उद्‌घाटन झाले.

या पद्धतीमुळे बांधकाम मार्गी लागले. मात्र जोखीम नाहीशी झाली नाही. वाहतूक अपेक्षेपेक्षा कमी राहिली, तरी कर्जफेडीचे दायित्व सार्वजनिक संस्थेवरच राहते.