निगेटिव्हवरील धूळ : इतिहासाचा एक पाठभेद

पोथीची नक्कल करताना लेखकाच्या हातून एखादा अनुस्वार गळला, अथवा मूळ पानावर पडलेला शाईचा थेंबच पुढील नकलकाराने अनुस्वार समजून उतरून घेतला, की शब्दाचा अर्थ पालटतो. आणि मग पुढच्या प्रत्येक नकलेत तो दोष खऱ्या पाठाच्या दिमाखाने मिरवू लागतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे जे कार्य १९१९ साली आरंभले आणि १९६६ साली सिद्धीस गेले, त्यात विद्वानांचे कितीतरी श्रम असा खरा पाठ आणि असा आगंतुक पाठ वेगळा करण्यातच खर्ची पडले. पोथीच्या बाबतीत जो विवेक आपण सहज मान्य करतो, तोच घराघरांतल्या पेट्यांत पडून असलेल्या छायाचित्रांच्या निगेटिव्हनाही लागू आहे, हे मात्र अद्याप फारसे कोणाच्या ध्यानात आलेले दिसत नाही. निगेटिव्ह ही मूळ पोथी होय. घरच्या स्कॅनरवर तिची जी प्रत आपण काढतो ती नक्कल होय. आणि या दोहोंच्या मध्ये शिरणारा धुळीचा कण हा पाठभेद होय.

छायाचित्रकलेशी आपल्या लोकांचा संबंध काही आजकालचा नव्हे. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. त्या आरंभीच्या काळात या कलेत नाव मिळविणाऱ्यांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे एक होत. इकडे निजामाच्या राज्यात, ज्यात बिदर व गुलबर्गा म्हणजे आजचे कलबुर्गी हे प्रांत मोडत, राजा दीनदयाळ यांनी १८८० नंतरच्या दशकात आपले बस्तान बसविले. १८४४ साली मेरठजवळच्या सरधना येथे जन्मलेला हा गृहस्थ मूळचा इंदूरच्या बांधकाम खात्यातला नोकर. पुढे सहाव्या निजामाचा दरबारी छायाचित्रकार झाला आणि १९०५ साली निवर्तला. त्याच्या काचेच्या निगेटिव्हपैकी अडीच हजारांहून अधिक निगेटिव्ह १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने मिळविल्या. कागदावरची छायाचित्रे पिवळी पडली, फाटली, वाटली गेली. परंतु काच टिकली, म्हणूनच त्या काळाचा चेहरा आज नव्याने पाहता येतो.

पुढे निजामाच्या राज्यात १९१४ साली पुरातत्त्व खाते निघाले. त्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी बिदरच्या वास्तूंवर लिहिलेला ग्रंथ १९४७ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यातील छायाचित्रे आजही अभ्यासकांना आधारभूत वाटतात. राजवाडे, किल्ले, मदरसे, थडगी यांची अशी सरकारी नोंद झाली. पण गावोगावच्या लहान देवळांची, यात्रांची, पालख्यांची, पुराण सांगणाऱ्या शास्त्रीबोवांची नोंद कोणी ठेवली? ती ठेवली असेल तर एखाद्या हौशी शिक्षकाने, तालुक्याच्या गावच्या छायाचित्रकाराने, किंवा नोकरीनिमित्त परगावी गेलेल्या आणि उत्सवाला घरी येताना क्यामेरा घेऊन आलेल्या एखाद्या मुलाने.

सीमाभागात तर या घरगुती नोंदीचे मोल अधिकच आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली, तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले. काही भाग आंध्राकडे गेला. उरलेला बिदर जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आला. एकाच देवस्थानाचे भक्त तीन राज्यांत विखुरले आणि कागदपत्रे तीन भाषांच्या कचेऱ्यांत गेली. मैलारच्या खंडोबाला, गाणगापूरच्या दत्ताला, माणिकनगरच्या प्रभूंच्या गादीला मात्र लोक पूर्वीसारखेच येत राहिले. कोळारसारख्या गावातील एखाद्या घरात अशा यात्रेची चार निगेटिव्ह असतील, तर त्या पाहण्यासाठी कोणत्याही भाषेचे भाषांतर लागत नाही. त्यात भर अशी, की गेल्या काही दशकांत पुष्कळ देवळांचे जीर्णोद्धार झाले. जुना सभामंडप पाडून सिमेंटचा उभा राहिला, दगडी पायऱ्यांवर फरशी बसली. मूळ वास्तू कशी होती हे सांगणारा साक्षीदार अनेक ठिकाणी ती निगेटिव्हच काय ती उरली आहे.

आता या साक्षीत धूळ कसा खोटेपणा आणते ते पाहू. निगेटिव्हमध्ये उजेड काळा आणि काळोख पारदर्शक असतो. तिच्यावर बसलेला कण प्रकाश अडवितो, म्हणून सुलट प्रतीत तो पांढरा ठिपका होऊन उमटतो. याउलट छायाचित्र घेतेवेळीच क्यामेऱ्यात फिल्मवर धूळ असली, तर तिच्याखालच्या जागी प्रकाश पोहोचतच नाही आणि सुलट प्रतीत काळा ठिपका दिसतो. म्हणजे धुळीलाही काळ असतो! काळा ठिपका बहुधा त्या दिवसाचा, पांढरा ठिपका नंतरचा. ओरखड्यांचेही तसेच आहे : पाठीच्या चकचकीत बाजूवरचा ओरखडा सहसा पांढरा उमटतो, परंतु मंद बाजूवरचा लेपच खरवडला गेला असेल तर रेघ काळी येते, आणि तेथील चित्र कायमचे गेले असे समजावे.

हा भेद क्षुल्लक नव्हे. ३५ मिलिमीटर फिल्मवरील एका चित्राची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटर असते. उत्सवानंतर साठ मंडळी तीन रांगांत बसवून घेतलेल्या चित्रात एकेक चेहरा जेमतेम १ मिलिमीटर रुंदीचा भरतो, आणि डोळा त्याच्या पाचव्या हिश्शाएवढा. इंचाला २४०० बिंदू या प्रमाणात स्कॅन केल्यास १ मिलिमीटरात सुमारे ९४ बिंदू येतात; चेहऱ्याच्या रुंदीला एवढीच काय ती सामग्री. अशा ठिकाणी साध्या डोळ्यांना न दिसणारा कणदेखील एखाद्या आजोबांचा डोळा झाकून टाकतो. कपाळावर पडला, तर नसलेले गंध किंवा भस्म लावतो. देणगीदारांच्या नावांच्या काळ्या पाषाणावर, पांढऱ्या अक्षराच्या माथ्यावर बसला, तर अनुस्वार होतो आणि एका घराण्याचे नाव बदलते.

यावर कोणी म्हणेल, की आजची यंत्रे धूळ आपोआप काढतात. ते अर्धेच खरे आहे. काही स्कॅनर डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांनी फिल्म दुसऱ्यांदा पाहतात. रंगीत निगेटिव्हमधील रंगद्रव्यांतून हे किरण आरपार जातात, धुळीतून जात नाहीत. म्हणून यंत्राला धूळ नेमकी सापडते. परंतु जुन्या कृष्णधवल निगेटिव्हमधील चित्र चांदीच्या कणांचे बनलेले असते, आणि चांदीही ते किरण अडविते. तेव्हा यंत्राला चित्र आणि धूळ सारखीच भासते; ते चित्रालाच धूळ समजून पुसू लागते. ज्या निगेटिव्ह आपल्याला सर्वांत मोलाच्या, त्यांच्यापुढे ही युक्ती पांगळी आहे. संगणकावर ठिपके बुजविण्याची सोय आहे खरी, पण बुजविलेली जागा म्हणजे शेजारच्या भागावरून केलेला तर्क; तो पुरावा नव्हे. यास्तव कृष्णधवल निगेटिव्हसाठी धूळ काढण्याची स्वयंचलित सोय बंदच ठेवावी. जशी निघाली तशी प्रत वेगळी जपावी, आणि दुरुस्त केलेल्या प्रतीवर ती दुरुस्त केलेली आहे असे स्पष्ट लिहावे.

म्हणून खरा उपाय एकच : धूळ स्कॅनरपर्यंत येऊच न देणे. आपल्याकडे चैत्र-वैशाखात वाऱ्याबरोबर माती उडते, बिदरच्या पठाराची तांबडी आणि खालच्या रानाची काळी; आणि भर पावसाळ्यात दमट हवेने लेप चिकट होतो, बुरशी धरते. पावसाळा सरल्यानंतरचे दिवस या कामाला त्यातल्या त्यात बरे. खोली झाडू नये, कारण झाडण्याने धूळ उठते. ओल्या फडक्याने जमीन पुसून तासभर दार लावून ठेवावे. पंखा बंद करावा. देवघर त्याच खोलीत असेल तर उदबत्ती आणि धूप त्या वेळेपुरते दुसरीकडे न्यावेत, कारण त्यांचा धूर आणि राख दोन्ही काचेवर बसतात. अंगात लोकरी किंवा नायलॉनचे वस्त्र नसावे. घर्षणाने वीज निर्माण होते आणि फिल्म धूळ ओढून घेते.

निगेटिव्ह नेहमी कडेने धरावी, हातात स्वच्छ सुती मोजे असावेत. रबरी फुग्याने वारा मारून धूळ उडवावी, राहिल्यास अतिशय मऊ कुंचल्याने हलकेच झाडावी. तोंडाने फुंकू नये, कारण थुंकीचा तुषार लेपावर डाग पाडतो. देव चिंचेने घासून लखलखीत करण्याची आपल्या घरची रीत येथे घातक आहे : पाणी, साबण, धोतराचा सोगा यांपैकी काहीही जुन्या निगेटिव्हला लावू नये. चिकटून बसलेला मळ तसाच राहू द्यावा; तो जाणकाराचे काम आहे. स्कॅनरची काच मात्र प्रत्येक पट्टीच्या आधी पुसावी. आणि शंका आली तर पाठ ताडून पाहण्याची जुनीच पद्धत वापरावी : निगेटिव्ह काचेवर थोडी सरकवून दुसरी प्रत काढावी. ठिपका चित्रातल्या त्याच जागी राहिला तर तो निगेटिव्हवरचा. चित्रातली जागा सोडून गेला तर काचेवरचा.

एक धोक्याची सूचना येथे अवश्य दिली पाहिजे. १९५० च्या आसपासपर्यंतच्या काही फिल्म नायट्रेटच्या असतात, आणि नायट्रेट भयंकर ज्वालाग्राही आहे. पुण्यात ८ जानेवारी २००३ रोजी लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा नायट्रेट फिल्मचा मोठा साठा भस्मसात झाला. मूकपटांच्या काळातील अमोल ठेवा त्यात गेला. अशा फिल्म पिवळट, चिकट झालेल्या आढळल्यास त्या घरात, उष्णतेजवळ ठेवू नयेत आणि जाणकारांना दाखवाव्यात. नंतरच्या ॲसिटेट फिल्मला शिरक्यासारखा आंबट वास येऊ लागला, तर ती कुजू लागली असे समजून इतरांपासून वेगळी ठेवावी आणि तिची नक्कल सर्वांआधी करावी.

नक्कल झाली म्हणजे मूळ टाकून द्यावे, असा समज अलीकडे बळावतो आहे, तो सर्वस्वी चुकीचा होय. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने छापावयास घेतली, तेव्हा दप्तरे वाण्याच्या पुड्यांत जाऊ नयेत म्हणून ते गावोगाव वणवण हिंडले. साधन छापले म्हणून मूळ कागद निरुपयोगी ठरत नाही. शंका आली की पुन्हा त्याच्याकडेच जावे लागते. संगणकातील नक्कल एका क्षणात नाहीशी होऊ शकते, आणि उद्याचा स्कॅनर आजच्याहून अधिक पाहू शकेल. यास्तव निगेटिव्ह प्लास्टिकच्या पिशवीतून काढून साध्या पांढऱ्या कागदाच्या पाकिटात, पत्र्याखालच्या माळ्यावर नव्हे तर घरातील सर्वांत थंड व कोरड्या जागी ठेवाव्यात. शेजारी डांबरगोळ्या ठेवू नयेत. जुन्या पाकिटावर कोणाच्या हातचे अक्षर असेल तर तेही जपावे.

आणि शेवटी, घरातील वडीलधाऱ्या मंडळींना जवळ बसवून कोण कोठे उभे आहे, उत्सव कोणत्या साली झाला, मागे दिसणारा दीपस्तंभ आज आहे की नाही, हे आत्ताच विचारून लिहून घ्यावे. काचेवरची धूळ फुंकणीने उडते; विस्मृतीची धूळ मात्र सांगणारा माणूस गेला की कोणत्याही उपायाने निघत नाही.