कृत्रिम उत्तेजक द्रव्ये : मेथॅम्फेटामीन, एमडीएमए, मेफेड्रोन

मेंदूतील डोपामीन, नॉरअ‍ॅड्रेनलिन व सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनांची पातळी एकदम वाढवून झोप, भूक आणि थकवा दडपणारी, प्रयोगशाळेत बनवलेली द्रव्ये. कोणते रसायन जास्त सुटते आणि अंमल किती टिकतो, यावर प्रत्येकाचा धोका ठरतो.

मेथॅम्फेटामीन जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी १८९३ मध्ये एफेड्रीनपासून तयार केले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैनिकांना ते ‘पेर्विटिन’ नावाच्या गोळ्यांतून मिळे. त्याचा भर डोपामीनवर असतो. घेतलेल्यापैकी निम्मे द्रव्य शरीरातून जायलाच सुमारे १० तास लागतात. माणूस रात्रीमागून रात्र जागतो. मग भास सुरू होतात, कोणीतरी आपल्या पाळतीवर आहे अशी खात्री वाटू लागते. हे चित्र स्किझोफ्रेनियाशी इतके मिळतेजुळते असते की निदान करताना मानसोपचारतज्ज्ञांनाही अडचण येते. दीर्घ सेवनाने दात किडतात, हृदयाचा स्नायू दुबळा होतो.

एमडीएमए (एक्स्टसी) मुख्यतः सेरोटोनिन सोडते. गर्दीत, बंद जागेत तासन्‌तास नाचताना शरीराचे तापमान जीवघेणे वाढू शकते. त्यावर भसाभस पाणी पिणेही घातक ठरते : हे द्रव्य लघवी रोखणारे संप्रेरक वाढवत असल्याने रक्तातील सोडियम घसरून मेंदूला सूज येते.

मुंबईत ‘एमडी’ किंवा ‘म्याव म्याव’ म्हणतात ते मेफेड्रोन. नावे जवळची असली तरी ते एमडीएमए नव्हे. येमेन-इथिओपियात ज्या ‘खात’ झुडपाची पाने चघळतात, त्यातील कॅथिनोनच्या कुळातले हे द्रव्य. अंमल दोनेक तासांत उतरतो, म्हणून ते सौम्य समजले जाते. हा समज साफ चुकीचा आहे. उतरताच पुन्हा घ्यावेसे वाटते आणि एका रात्रीत पुडीमागून पुडी संपते. घट्ट आवळलेला जबडा, चावून सोललेले ओठ, नाकातून रक्त, छातीत धडधड ही त्याची लक्षणे. भारतात २०१५ मध्ये ते अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आले.

पुडीत नेमके काय व किती आहे, हे घेणाऱ्याला कळत नाही. गर्दच्या (हेरॉइनच्या) अतिमात्रेवर नालोक्सोनचा उतारा चालतो. या तिन्हींना तसा उतारा नाही. रुग्णालयात अंग थंड करणे, शामक औषधे देणे, हृदयावर लक्ष ठेवणे एवढेच हाती असते. व्यसन सोडवण्यासाठी, गर्दच्या व्यसनात देतात त्या मेथाडोनसारखे, पर्यायी औषधही नाही. मुख्य भिस्त समुपदेशन व वर्तनोपचारावर असते.