खर्चकपात, उत्पन्न-चाचणी आणि कुटुंब : ब्रिटनमधील १९३१ चा वाद

भारतीय वाचकाला रॅम्से मॅकडोनल्ड हे नाव गोलमेज परिषदा आणि १९३२ चा जातीय निवाडा यांमुळे परिचित आहे. मात्र त्याच काळात त्यांच्या स्वतःच्या देशात एका वेगळ्याच प्रश्नावरून त्यांचे मजूर पक्षाचे सरकार कोसळले होते. तिजोरी रिकामी होत असताना गरिबांना द्यावयाच्या साहाय्यात किती कपात करावी आणि ते नेमके कोणाला द्यावे, हा तो प्रश्न होता.

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीत ब्रिटनमधील बेकारांची संख्या १९३१ च्या उन्हाळ्यात २७ लाखांच्या घरात गेली. जुलै १९३१ अखेर मे समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात १२ कोटी पौंड तुटीचा अंदाज होता. समितीने सुचविलेल्या बचतीपैकी सर्वांत मोठा वाटा बेकारी विम्याचा होता आणि भत्त्यात २० टक्के कपात करावी, अशी तिची शिफारस होती. मंत्रिमंडळापुढे अखेर १० टक्के कपातीचा प्रस्ताव आला. दर घसरल्याने भत्त्याची क्रयशक्ती वाढली आहे आणि कपात न केल्यास पौंडावरील विश्वास उडेल, असे समर्थक म्हणत. संकटाचा भार ज्यांनी ते निर्माण केले नाही त्यांच्यावर का, हा विरोधकांचा सवाल होता. २३ ऑगस्ट रोजी ११ मंत्री कपातीच्या बाजूने, तर ९ विरोधात राहिले. दुसऱ्या दिवशी सरकारने राजीनामा दिला आणि मॅकडोनल्ड यांच्याच नेतृत्वाखाली राष्ट्रीय सरकार आले.

नव्या सरकारने कपात केली. प्रौढ पुरुषाचा आठवड्याचा भत्ता १७ शिलिंगांवरून १५ शिलिंग ३ पेन्सवर आला. मुलामागचे २ शिलिंग मात्र कायम राहिले. शिक्षकांच्या वेतनात १५ टक्के कपात ठरली होती. इन्व्हरगॉर्डन येथील नौसैनिकांच्या बंडानंतर ती १० टक्क्यांवर आणावी लागली. ज्या सुवर्ण परिमाणाच्या रक्षणासाठी हे सारे चालले होते, ते २१ सप्टेंबर रोजी सोडून द्यावे लागले. कपातीचे मुख्य कारण संपले, तरी कपात टिकली. ती १९३४ मध्ये रद्द झाली.

लोकांच्या मनात अधिक खोल जखम केली ती नोव्हेंबर १९३१ पासूनच्या उत्पन्न-चाचणीने. विम्याचे २६ आठवडे संपल्यावर साहाय्य मागणाऱ्याच्या संपूर्ण घराचे उत्पन्न मोजले जाई. मुलाची मजुरी, मुलीचा पगार, वृद्ध आईबापांचे निवृत्तिवेतन, गाठीची बचत, सारे हिशेबात धरले जाई. अधिकारी घरी येऊन चौकशी करीत. कमावता मुलगा घरात राहिला तर बापाचा भत्ता घटे. म्हणून मुले घर सोडून जात. कुटुंबाने एकमेकांना सांभाळावे, हा चाचणीमागील विचार होता. परिणाम अनेक घरांत नेमका उलटा झाला. काही स्थानिक समित्यांनी नियम सौम्यपणे लावले. त्यांपैकी रॉदरहॅम व डरहॅम येथील समित्यांच्या जागी १९३२ मध्ये शासनाने आयुक्त नेमले. १९३५ च्या आरंभी नव्या दरांविरुद्ध दक्षिण वेल्समध्ये प्रचंड निदर्शने झाली आणि सरकारला ते दर थांबवावे लागले. घराचे एकत्र उत्पन्न मोजणारी ही चाचणी १९४१ मध्ये रद्द झाली.

या अनुभवाची छाया १९४५ च्या कुटुंब भत्ता कायद्यावर स्पष्ट दिसते. दुसऱ्या व त्यापुढील प्रत्येक मुलामागे आठवड्याला ५ शिलिंग, तेही उत्पन्न न विचारता, देण्याचे ठरले. मूळ विधेयकात ही रक्कम पित्याच्या हाती जाणार होती; एलिनॉर रॅथबोन यांच्या आग्रहामुळे ती मातेस मिळाली. १९४६ च्या ऑगस्टमध्ये वाटप सुरू झाले, तेव्हा रॅथबोन हयात नव्हत्या.

पुढे २०१३ च्या जानेवारीत, पुन्हा तुटीच्याच काळात, बालभत्त्याला उत्पन्नाची अट लागली. या वेळी मोजमाप घराचे नव्हे, व्यक्तीचे होते. परिणामी एकाच्याच ६० हजार पौंडांवर चालणाऱ्या घराचा भत्ता करावाटे परत घेतला जाई, तर प्रत्येकी ४९ हजार मिळविणाऱ्या दांपत्याला तो पूर्ण मिळे.

संकटकाळात काटकसर अटळ असू शकते. परंतु किती द्यावे याइतकाच कोणाचे उत्पन्न मोजावे हा प्रश्न निर्णायक असतो. मोजमापाचा नियम केवळ पैसे वाचवीत नाही. घरात कोणी कोणासोबत राहावे, हेही तो नकळत ठरवून जातो.